प्रौढ वयात दात जागेवर येतात काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या चिटणीसबाईंनी “दातांविषयी चार शब्द सांगा” असा निरोप धाडला, तेव्हा मी त्यांना आधीच विचारून ठेवले की, दात कसे घासावेत हे सोडून दुसरे काही बोलले तर चालेल ना? त्या हसून हो म्हणाल्या. दात घासण्याचा उपदेश आपण बिगरीपासून ऐकत आलो आहोत आणि मुलानातवंडांना रोज करीतही आहोत. म्हणून आज मी अशा गोष्टीविषयी बोलणार आहे की जी आपल्यापैकी पुष्कळजणींच्या तोंडात आहे, पण तोंडावर येत नाही.

दातांची ठेवण सुधारणे, म्हणजे लोक ज्याला ‘तारा लावणे’ म्हणतात, तो माझा व्यवसाय. आया आपल्या मुलामुलींना घेऊन येतात. मुलांचे तपासून होते, तारखा ठरतात आणि मग निघता निघता उंबरठ्याशी एखादी थांबते व हळूच विचारते, “माझ्या दातांचे काही होण्यासारखे आहे का हो?” मी उत्तर देण्यापूर्वीच तिचे तिनेच उत्तर दिलेले असते : “जाऊ द्या, आता या वयात काय करायचे!” या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते बहुतेक वेळा ‘होय, करता येते’ असे आहे, एवढेच आज मला सांगायचे आहे. मात्र ते ‘होय’ कशाच्या जोरावर, कोणत्या अटींवर आणि कुठवर, हेही तितकेच स्पष्ट करावयाचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, ही म्हण हत्तीपुरतीच खरी आहे. आपले खायचे आणि दाखवायचे दात एकच. तरीही प्रौढ बाईने दात सरळ करून घ्यायचे म्हटले की घरीदारी सर्वांना वाटते, बाईला या वयात नटायची हौस आली! माझ्याकडे येणाऱ्या प्रौढ स्त्रियांच्या तक्रारी निराळ्याच असतात. कोणाला समोरच्या दातांनी पेरूचा तुकडा तोडता येत नाही. कोणाचे खालचे पटाशीचे दात वरच्या टाळूला टोचतात आणि तिथली हिरडी दुखते. कोणाची एक दाढ काढल्यावर शेजारची दाढ त्या मोकळ्या जागेत कलंडली आहे आणि तिच्या सांदीत रोज अन्न अडकते. यात हौस कुठे आली? चावा नीट बसत नाही, एवढीच साधी अडचण. पाय मुरगळला तर आपण लंगडत जन्म काढीत नाही, पण तोंडाने लंगडत मात्र वर्षानुवर्षे जेवतो.

आता मुळाशी जाऊ. दात हाडात घट्ट रोवलेला, मग तो सरकतो तरी कसा? आपल्याला वाटते की दात म्हणजे भिंतीत ठोकलेला खिळा. तसे नाही. दाताच्या मुळाभोवती एक अतिशय पातळ पडदा असतो. त्याची जाडी सुमारे पाव मिलिमीटर. त्या पडद्याच्या तंतूंनी दात हाडाला बांधलेला असतो. दातावर हलका पण सतत दाब दिला की ज्या बाजूला दात ढकलला जातो तिकडचे हाड शरीरातील पेशी हळूहळू कोरतात आणि मागे जी जागा सुटते तिथे दुसऱ्या पेशी नवे हाड भरतात. शेतकरी बांध सरकवतो तेव्हा एका बाजूची माती उकरून दुसऱ्या बाजूला भर घालतो, तसाच हा प्रकार. दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. हाड कोरण्याचे आणि भरण्याचे हे काम जन्मभर चालू असते. म्हणून वय हा एकटाच काही अडथळा नव्हे. लहान मुलांत जबडाच वाढत असल्यामुळे ती वाढ वळवून घेता येते, प्रौढपणी ती सवलत उरत नाही आणि सुरुवातीस दात जरा सावकाश हलतात, एवढाच फरक.

मग प्रौढांच्या दातांचे घोडे अडत होते कुठे? ते अडत होते आधारापाशी.

विहिरीतून भरलेली घागर ओढताना आपण काय करतो? एक पाय कठड्याला रेटून उभ्या राहतो. कठडा भक्कम असला तर घागर वर येते. तोच डळमळीत असला तर घागर वर येण्याऐवजी आपणच खाली जाऊ! एखादी वस्तू जितक्या जोराने आपण ओढतो तितक्याच जोराने ती आपल्याला ओढते, हा न्यूटनचा नियम. दातांनाही तो चुकला नाही. पुढे आलेले दात मागे घ्यायचे म्हणून तार मागच्या दाढांना बांधली की पुढचे दात थोडे मागे येतात, पण दाढाही थोड्या पुढे सरकतात. कमावलेल्या जागेतला वाटा अशा रीतीने आधारच गिळून टाकतो. म्हणून पूर्वी डोक्याला आणि मानेला पट्टे बांधून बाहेरून ताण देत. शाळकरी मुले ते रात्री निमूटपणे लावीत, पण नोकरी करणारी, चार माणसांत वावरणारी, घरचे सारे उरकून अकराला अंथरुणाला पाठ टेकणारी बाई ते रोज किती तास लावणार? शिवाय पुष्कळजणींच्या एकदोन दाढा चाळिशीपर्यंत गेलेल्या असतात. म्हणजे आधार द्यायचा ज्यांनी, त्याच गैरहजर!

यावर उपाय असा की दातांना दातांचा आधार द्यायचाच नाही, थेट जबड्याच्या हाडात एक लहानसा खुंटा रोवायचा आणि त्याला धरून दात ओढायचे. कल्पना जुनी आहे. १९४५ साली अमेरिकेत गेन्सफोर्थ आणि हिग्ली या दोघांनी कुत्र्यांच्या जबड्यात स्क्रू बसवून हा प्रयोग केला, पण ते स्क्रू महिनाभरातच सैल झाले. पुढे १९८३ साली क्रीकमोर आणि एक्लंड यांनी एका तरुण स्त्रीच्या नाकाच्या खालच्या हाडात एक स्क्रू बसवला आणि त्याच्या आधाराने तिचे खाली उतरलेले वरचे पटाशीचे दात वर्षभरात सुमारे सहा मिलिमीटर वर नेले. स्क्रू जागचा हलला नाही. १९९७ साली जपानच्या कानोमी यांनी केवळ १.२ मिलिमीटर जाडीचा स्क्रू वापरून दाखवला. १९९९ साली जपानमधल्याच सेंदाई येथील उमेमोरी, सुगावारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाडाला बसवलेल्या लहान पट्ट्यांच्या आधारे मागच्या दाढा वर-खाली न येऊ देता उलट हाडात दाबून, पुढचा उघडा राहणारा चावा मिटवून दाखवला. त्यानंतर हे तंत्र जगभर पसरले आणि आज आपल्याकडच्या शहरांत ते नित्याचे झाले आहे.

हा स्क्रू केवढा? तांदळाचा एक लांब दाणा डोळ्यांपुढे आणा. जाडी साधारण दीड ते दोन मिलिमीटर, लांबी सहापासून दहाबारा मिलिमीटरपर्यंत. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा किंवा पोलादाचा. तो दोन दातांच्या मुळांमधील हाडात, टाळूत किंवा गालाच्या आतल्या बाजूच्या जाड हाडात बसवतात. आधी एक्स-रे काढून मुळे कुठे आहेत ते पाहतात. हिरडीपुरती भूल देतात. बसवताना दाब जाणवतो, कळ सहसा नसते, आणि काम काही मिनिटांत उरकते. नकली दातासाठी जो कायमचा इम्प्लांट बसवतात त्याच्याशी याची गल्लत करू नका. तो घरजावई, हा पाहुणा. काम संपले की उलटा फिरवून काढून टाकायचा. भोक आपोआप भरून येते.

आता याचा उपयोग एका उदाहरणाने सांगते. त्या बाईंची परवानगी घेतली आहे, नाव सांगत नाही. बाई शाळेत शिक्षिका, वय चव्वेचाळीस. तोंड मिटले की मागच्या दाढा टेकत, पण पुढचे वरचे आणि खालचे दात एकमेकांना भेटतच नसत. मध्ये चार मिलिमीटरची फट. त्यामुळे भाकरी, कैरीची फोड, शेवया, काहीही समोरच्या दातांनी तुटत नसे. पंगतीत बसल्या की प्रत्येक घास हाताने मोडून तोंडाच्या कोपऱ्यात सारायचा. लग्नाच्या पंगतीत त्या “उपास आहे” म्हणून सांगत, हे त्यांनी मला तिसऱ्या भेटीत सांगितले. विशीत त्यांना जबड्याची शस्त्रक्रिया सुचवली होती. घरच्यांनी भिऊन नको म्हटले आणि विषय तिथेच संपला.

अशा तोंडात काय बिघडलेले असते ते आपल्या पानाच्या डब्यातला अडकित्ता दाखवून देतो. अडकित्त्याच्या खिळीजवळ सुपारीचा तुकडा अडकला की पुढची टोके मिटत नाहीत. मागे केसभर अडथळा, पुढे बोटभर फट! जबडाही कानाजवळच्या खिळीवर फिरणारा अडकित्ताच आहे. मागच्या दाढा प्रमाणाबाहेर खाली उतरल्या की पुढे फट राहते. म्हणून पुढच्या दातांना ओढण्यापेक्षा मागच्या दाढा हाडात वर दाबणे हा मुळावरचा उपाय. पण दाढांना वर ढकलायचे कोणाच्या आधाराने? साध्या तारेने ते जवळजवळ साधत नसे. वर हाडात स्क्रू असला की रबराची साखळी किंवा लहान स्प्रिंग लावून दाढा सावकाश वर घेता येतात. ओढ फार हलकी, शंभर-दोनशे ग्रॅमची, म्हणजे एखाद्या मध्यम पेरूच्या वजनाएवढी. दाढा एक मिलिमीटर वर गेल्या की पुढची फट ढोबळमानाने दोन ते तीन मिलिमीटर मिटते. या बाईंचे एकूण काम सव्वादोन वर्षे चालले. शस्त्रक्रिया लागली नाही.

दुसरा प्रकार घरोघरचा. खालची दाढ किडली म्हणून काढली, “मागचीच आहे, कोणाला दिसते!” म्हणून तिच्या जागी काही बसवले नाही. दहाबारा वर्षांत वरची दाढ त्या खड्ड्यात उतरत येते, कारण तिला थोपवणारे खाली कोणीच उरलेले नसते. मग नकली दात बसवावा तर त्याला उंचीच उरत नाही. पूर्वी अशा वेळी वरची चांगली दाढ घासून बुटकी करीत किंवा काढूनच टाकीत. आता तिच्या दोन्ही अंगांना एकेक स्क्रू बसवून काही महिन्यांत ती मूळ जागी नेता येते आणि खाली नवा दात बसतो. हिरडीशेजारी कलंडलेली दाढ उभी करण्यासाठी आणि पुढे आलेले दात मागे घेण्यासाठीही हाच खुंटा कामी येतो.

इथवर ऐकून कोणाला वाटेल, चला, उद्याच जाऊन स्क्रू बसवून घेऊ. थांबा, भगिनींनो. घर बांधण्याआधी जमीन पाहतात. दात सरकवण्याआधी हिरड्या आणि हाड पाहावे लागते. हिरड्यांतून रक्त येते, दात हलतात, पू येतो, अशा तोंडात तार लावली तर हाड आणखी झिजते. आधी हिरड्यांचा उपचार, ते दुखणे आटोक्यात आले की मग बाकीचे. एका बाईंना मी सहा महिने परत पाठवले होते, कारण त्या रोज दोनदा मिशरी लावीत. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. आपल्याकडे आजीपासून नातीपर्यंत ती ‘दात घासण्याची पूड’ या नावाखाली घरात वावरते. तिने हिरड्या आणि हाड दोन्ही खराब होतात, आणि तोंडाच्या कर्करोगाची भीती ती वेगळीच. ती सोडल्याखेरीज माझ्या तारेला आणि स्क्रूला हात लावण्यात अर्थ नव्हता. त्या बाईंनी ती सोडली, हे मी येथे मुद्दाम सांगते.

मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी. आणि पन्नाशीच्या पुढच्या भगिनींनी एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवावी. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून पुष्कळजणी आठवड्याला एक किंवा महिन्याला एक गोळी घेतात, काहींना इंजेक्शनही असते. यातील काही औषधांमुळे हाड कोरण्याचे काम मंदावते. मग दात सरकत नाहीत, आणि क्वचित जबड्याच्या हाडाची जखम भरून येत नाही. दाताच्या कोणत्याही कामाआधी, मग ते दात काढणे का असेना, ही गोळी चालू आहे किंवा पूर्वी चालू होती असे डॉक्टरांना न विचारता सांगावे. मात्र आपल्याच मनाने ती बंद करू नये.

आता उणी बाजू. शंभर स्क्रूंपैकी तेराचौदा काम पुरे होण्याआधी सैल होतात, असे निरनिराळ्या देशांतील पाहणी एकत्र करून काढलेले प्रमाण आहे. माझ्याकडेही होतात. सैल झालेला काढून दुसऱ्या जागी बसवतात. त्याने दाताचे नुकसान सहसा होत नाही, वेळ मात्र जातो. स्क्रूभोवती स्वच्छता नसली तर हिरडी सुजते. म्हणून मऊ ब्रशने त्याच्या कडेने हलके घासावे, सांगितलेल्या औषधाने चूळ भरावी आणि जिभेने किंवा बोटाने त्याला सारखे चाचपू नये. हलवून खुंटा बळकट करण्याची आपली जुनी म्हण आहे. हा खुंटा तेवढा हलवून बळकट होत नाही! दर महिन्याला तार आवळल्यावर दोनतीन दिवस दात ठणकतात, तेव्हा वरणभात आणि मऊ खिचडी बरी. कधी कधी मुळांची टोके थोडी झिजतात, म्हणून मधूनमधून एक्स-रे काढावा लागतो. आणि सरकवलेल्या दातांना जुन्या घराची ओढ असते. दाबलेल्या दाढा थोड्या परत उतरू शकतात. म्हणून काम संपल्यावरही दात जागेवर राखणारी पट्टी किंवा साचा डॉक्टर सांगतील तितका काळ, पुष्कळदा वर्षानुवर्षे रात्री लावावा लागतो. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी सुरुवातच करू नये.

या स्क्रूने सगळेच होते असेही नाही. जबडाच फार लहान, फार मोठा किंवा वाकडा असेल तर शस्त्रक्रियेला आजही पर्याय नाही. जबड्याच्या सांध्याचे किंवा डोक्याचे दुखणे तारेने हमखास थांबेल असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबू नका.

खर्चाचे म्हणाल तर तो लहान नाही. खासगी दवाखान्यात एकदम झेपणार नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत दातांची ठेवण सुधारण्याचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे खर्च कमी येतो, थांबावे मात्र लागते. कोठेही गेलात तरी चार प्रश्न विचारा. माझ्या हिरड्या आणि हाड या कामाला तयार आहेत का? स्क्रूशिवाय हे होईल का, आणि होत असेल तर काय कमी पडेल? एकूण किती महिने आणि सैल झालेल्या स्क्रूचा खर्च कोणाचा? आणि काहीच केले नाही तर पाच वर्षांनी माझ्या तोंडाचे काय होईल? चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कधी कधी त्याचे उत्तर ‘काही फारसे बिघडणार नाही’ असे येते. मग निश्चिंत मनाने घरी जावे. सगळ्या वाकड्या दातांना सरळ करण्याची गरज नसते.

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, असे आपण म्हणतो. आपल्या पिढीतल्या कित्येकींच्या लहानपणी घरात तारेपुरते पैसे नव्हते, गावात असा डॉक्टर नव्हता. आज पैसे थोडे आहेत, डॉक्टर आहे, आणि हा तांदळाएवढा स्क्रू आहे. तरी मुलीच्या दातांसाठी हप्ते भरणारी आई स्वतःच्या तोंडापाशी आली की हिशेब मिटवून टाकते. तिने उपचार घ्यावाच असे मी म्हणत नाही. घ्यायचा की नाही हे तिने आपल्या तोंडाची खरी हकिकत ऐकून ठरवावे, वयाचे नाव पुढे करून नव्हे. चाळीस-पन्नासाव्या वर्षानंतरही आपल्याला पुष्कळ वर्षे जेवायचे आहे.

तेव्हा पुढच्या वेळी मुलांना घेऊन दवाखान्यात जाल, तेव्हा तुमचेही तोंड एकदा तपासून घ्या. तपासायला पाच मिनिटे लागतात.  आता प्रश्न असतील तर मोकळेपणाने विचारावेत, आणि विचारताना तोंडापुढे पदर धरण्याचे काही कारण नाही.